सलोमीआजींची जागा
पूरग्रस्त गावाकडे मदत नेणारी जाकीरची जीप चर्चसमोर खचाखच भरली होती. सलोमीआजींच्या जागेवर तिथं खिचडी शिजवायचं भलंमोठं रिकामं पातेलं बसलं होतं. पाळकसाहेब अवघडून म्हणाले, “आजी, तुम्ही पुढच्या खेपेला या.” रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवणाऱ्या आजींनी बाहुल्यांची पिशवी घट्ट धरली. “पातेल्यानं पोट भरते. पण घर वाहून गेलेल्या लेकरायले हासवते कोन?” जाकीर हसत खाली उतरला. “धाड गावच्या बाजारी या जीपीत पंधरा मानसं अन् दोन बकऱ्या नेतो मी. एक आजी काऊन मावत नाई?” त्यानं पातेलं पालथं घातलं. “झाली सीट!” “मी याच्यावर बसू?” आजी दचकल्या. “तुम्ही पुढं, पाळकसायबाच्या जागेवर. पातेल्यावर ते!” पाळकसाहेब मागं जाऊन पातेल्यावर बसले. जीप हलली. पहिला खड्डा फाटकातच होता. पाळकसाहेब टपापर्यंत उसळले आणि ओरडले, “हालेलूया!” पुढून आजी म्हणाल्या, “आमेन!”