मुकी फिल्म

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या ज्यूट गिरणीची जुनी मुकी फिल्म नात कर्स्टीनं शोधून आणली. “ती गरोदर विणकरीण तुझी आई, आजी. काय बोलतेय, कुणालाच कळत नाही.” युफेमियानं चष्मा पुसला. जन्मतःच गमावलेली आई ती पहिल्यांदाच हलताना बघत होती. “न कळायला काय झालं? मीही त्याच गिरणीत होते; मागांच्या खडखडाटात आम्ही सगळ्याजणी ओठांवरूनच गप्पा मारायचो. पुन्हा लाव.” पडद्यावर आई शेजारणीकडे वळून हसली. युफेमिया ओठ वाचू लागली, “आमचे हे घरी किटली तापवतायत... आणि मी इथे राबतेय... मुलगीच होणार बघ... नाव ठरलंय...” ती थबकली. “काय नाव, आजी?” “युफेमिया! आणि हे अवजड नाव आत्यानं ठेवलं समजून मी जन्मभर तिला शिव्या घातल्या!” हसता हसता डोळे भरले. पडद्याकडे बघत तिनं आवाज न काढता ओठ हलवले. तो शब्द मात्र कर्स्टीलाही वाचता आला.