बारा जणांत

पवित्र गुरुवारी, येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत, धर्मगुरू ज्यांचे पाय धुतात, त्या बारा जणांत यंदा शेजारच्या इनासची निवड झाली होती. तीस वर्षे चर्चची घंटा वाजवणाऱ्या मिंगेलचे अंतःकरण मत्सराने जळत होते.

दुपारी इनासच दारात उभा राहिला. "मिंगेल, कंबर वाकत नाही रे. असे मळलेले पाय घेऊन फादरांपुढे कसा बसू?"

"निवड करताना फादरांना तुझी कंबर दिसली नाही वाटतं?" मिंगेलने टोमणा मारला. तरी त्याने घंगाळ आणले, गुडघे टेकले आणि काथ्याने इनासची भेगाळलेली टाच रागारागाने घासली.

इनास संकोचून म्हणाला, "संध्याकाळी फादर नुसतं पाणी ओततील. पाय धुतलेस ते तू."

दुसरा पाय मिंगेलने हळुवारपणे मांडीवर घेतला.