कूमचं सोलर

"वीज गेली, की तुमचं सोलर चालतं का?"

पंधरा दिवसांत स्तोयांका हा प्रश्न तिसऱ्या माणसाला विचारत होती. आधीचे दोघे "चालतं की" म्हणून मोकळे झाले होते. हा तिसरा सोलरवाला, ल्युबिशा, शिडीच्या टोकाशी उभा राहून वहीत काहीतरी टिपत होता.

"नाही," तो वरूनच म्हणाला.

अंगणात द्राक्षवेलीखाली दोन म्हातारे बसले होते. एक तिचा नवरा वितोमिर. तीस वर्षं खाणीत काढलेली, आता नाकात नळी आणि नळीचं दुसरं टोक खिडकीतून आत, घरघरणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनला. दुसरा ब्लागोये, त्यांचा कूम. त्यांच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता, त्यांच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर घेतलं होतं. सख्ख्या भावाला एकवेळ नाही म्हणता येतं, कूमला नाही. आणि हा कूम गेल्या वर्षापर्यंत खिडक्या बसवायचा, आता सोलर बसवतो, हेच स्तोयांकाचं दुखणं होतं. प्रश्नाला आलेल्या दोन होकारांपैकी एक त्याचाच होता.

"ऐकलंस?" वितोमिर म्हणाला. "आल्यापासून नन्नाचा पाढा लावलाय. उत्तरेच्या छपरावर नाही, अक्रोडाच्या सावलीत नाही, कॉफीसुद्धा नाही. असल्या माणसावर..." त्याला दम घ्यावा लागला. "असल्या माणसावर विश्वास ठेवायचा?"

"घाबरवायचं आणि महाग माल गळ्यात मारायचा," कूम म्हणाला. त्याची दुसरी कॉफी चालू होती. "मला एवढंच सांग, वीज गेली म्हणून सूर्य मावळतो का?"

वितोमिरने खूश होऊन मांडीवर थाप मारली. स्तोयांकाच्या मस्तकात तिडीक गेली. आठवडाभर हे वाक्य तिला येताजाता ऐकवलं जात होतं आणि तिच्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

ल्युबिशा चार पायऱ्या खाली आला. "सूर्य मावळत नाही. पण लाइन गेली की सोलरची पेटी आपोआप बंद होते. व्हायलाच हवी. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. लाइन नसताना मशीन चालवायचं असेल, तर बॅटरी लागते, आणि घर तारेपासून तोडणारा वेगळा स्विच लागतो. यांनी ते लिहून दिलंय का?"

"आमच्यात लिहून देत नाहीत," कूम म्हणाला. "शब्द देतात."

"दिलाय त्याने," वितोमिर म्हणाला. "सोमवारी काम सुरू. हात मिळवलाय मी."

"मला न विचारता?"

"कूमला नाही कसं म्हणायचं?"

"ऑगस्टात चार तास वीज नव्हती, विटो. राखीव ऑक्सिजन सिलिंडरचा काटा शून्यावर आला होता आणि तुझे ओठ निळे पडले होते. तेव्हा तू माझा हात धरून बसला होतास. कूमचा नाही."

वितोमिर वेलीकडे बघत बसला. कूमने बशीत कप ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "म्हणून तर बसवतोय ना गं. माझ्याच घरावर बघ की, बारा पॅनल आहेत. कधी तक्रार ऐकलीस?"

तिने बघितलं. रस्त्यापलीकडे कूमचं छप्पर भर दुपारच्या उन्हात लखलखत होतं. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दळायच्या यंत्राची घुरघुर येत होती. त्याची बायको पेर्सिदा हिवाळ्यासाठी भाजलेल्या लाल मिरच्या दळत होती.

स्तोयांकाने ॲप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि फाटक उघडून रस्ता ओलांडला.

"कुठे निघालीस?" वितोमिरने विचारलं.

कूमच्या मीटरची पेटी रस्त्याकडच्या भिंतीवर होती. तिने झाकण उघडलं आणि मोठा खटका खाली ओढला.

घुरघुर थांबली.

"ब्लागोये," खिडकीतून पेर्सिदाची हाक आली, "वीज गेली बघ. निम्म्या मिरच्या यंत्रातच अडकल्यात."

स्तोयांका खटक्यावर हात ठेवून उभी राहिली. "कूम," तिने रस्त्यापलीकडून विचारलं, "सूर्य आहे ना अजून?"

कूम उठला. आधी त्याने स्वतःच्या छपराकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग परत छपराकडे. त्याचा चेहरा बघून ती आणखीनच वैतागली. लबाडी असती तर निदान भांडता आलं असतं. ह्या बाबाला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"काहीतरी सैल राहिलं असेल," तो पुटपुटला. मग त्याची मान लाल झाली. "चाळीस वर्षांत माझ्या घराला असा कोणी हात घातला नव्हता, स्तोयांका."

रस्ता ओलांडून तो तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून आपल्या घरात गेला आणि त्याने आतून कडी घातली. तिने खटका वर केला. यंत्र पुन्हा घुरघुरू लागलं.

ती परत आली तेव्हा ल्युबिशा वही मिटून शिडी आवरत होता. घरच्या भांडणात आपण सापडलो, आता निघावं, असं त्याला वाटत असावं.

"थांबा," ती म्हणाली. "बॅटरी केवढी लागेल, ते मोजून घ्या. मशीन आत आहे."

ल्युबिशा बूट काढून आत गेला. वितोमिर कूमच्या बंद दाराकडे बघत होता.

"रुसला तो," तो म्हणाला. "तू ओळखत नाहीस त्याला. आता माझ्या..." त्याने दम घेतला. "माझ्या शवपेटीला खांदा द्यायलासुद्धा येणार नाही."

"रुसू दे." स्तोयांकाने त्याच्या नाकातली नळी नीट केली. "दहा वर्षं रुसू दे. आपल्याला खांद्याची घाई नाही."