देवमाशाचे दोन कागद

ओल्या निळ्या रंगावर मीठ भुरभुरून बालवर्गाने आपापला समुद्र तयार केला होता. आता त्यावर कापडाच्या चिंध्यांचे मासे चिकटवणे चालले होते. एका मुलाने मात्र बाईंकडून दोन कागद मागून घेतले आणि छान जमून आलेला देवमासा कात्रीने मधोमध कापला. डोके एका समुद्रात, शेपूट दुसऱ्यात.

"अरे शहाण्या, चांगल्या माशाचे दोन तुकडे कशाला केलेस?" बाईंनी विचारले.

"एक कागद आईच्या घरी लावायचाय. एक बाबांच्या."

"पण मग दोन्हीकडे अर्धाच दिसेल रे तो," बाई हळूच म्हणाल्या.

"अर्धा नाहीये, बाई," बोटांवर वाळलेला डिंक सोलत तो म्हणाला. "तो इतका मोठा आहे, की एका घरात मावत नाही."