सुट्टीतला होमवर्क

कंपनीच्या रोजच्या फाईलींमध्ये हॅकर आपले निरोप लपवून पाठवतात. ते हुडकून बंद करणं ही शेफालीची नोकरी. म्हणूनच दिवाळीची सुट्टी लागली तरी लेकीच्या मेलवरून रोज 'होमवर्क' नावाची फाईल कुणा अनोळखी पत्त्यावर जातेय, हे दिसताच तिला धस्स झालं.

वेगळं झाल्यावर नवऱ्याचा नंबर तर तिनेच ऋताच्या फोनवर ब्लॉक केला होता. मग हा तिसराच कोण? तेरा वर्षांच्या पोरीला कोण गाठतंय?

"ऋता, सुट्टीत कसला गं होमवर्क?"

"प्रोजेक्ट आहे. आई, तुझं ऑफिस घरात आणू नकोस ना. परवापर्यंत तापाने फणफणली होतीस, पड जरा."

ऋता सोसायटीच्या पोरांबरोबर किल्ला करायला खाली गेली, तशी शेफालीने फाईल उघडली. वर चार ओळींचा निबंध, खाली सगळं पान कोरं. तिने सवयीने त्या कोऱ्या भागाचा रंग बदलला. पांढऱ्यावर लपलेली पांढरी अक्षरं काळी झाली.

 

"बाबा, आईचा ताप उतरलाय. तू रोज विचारतोस, ते तिला नाही सांगितलं."