बेळगावच्या वाटेवर

रॉक बँडच्या दौऱ्यावरची डॉक्युमेंटरी अर्धी झाली होती, तेव्हा ड्रमर निहार मोटरसायकलच्या अपघातात गेला. महिन्याभराने त्याची आई, वृंदाकाकू, एडिटिंगच्या खोलीत आल्या. दिग्दर्शक केतकीने त्यांना कोल्हापूरच्या कार्यक्रमातलं त्याचं वादन दाखवलं. घामाने निथळणारा निहार आणि त्याच्या नावाने ओरडणारी गर्दी.

काकू कौतुकाने बघत होत्या, पण परक्या मुलाकडे बघावं तशा.

"अगं, असा मी त्याला कधी पाहिलाच नाही," त्या म्हणाल्या. "पहाटे घरी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. मी आपली पांघरूण घालायचे. झोपलेला कुठे आहे का गं तो?"

केतकीने नको म्हणून बाजूला काढलेलं चित्रीकरण शोधलं. बेळगावच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवर निहार तोंड उघडं टाकून झोपला होता. पुढे बाकीचे मोठमोठ्याने गात होते.

काकू खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. मग केतकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "जरा आवाज कमी कर. उठेल तो."