निळ्या अळ्या

अळ्यांचा ट्रे उघडताच बदकं गलका करत कुंपणाला भिडली, पण रेवतीने तो लगेच झाकला. अळ्या आज पुन्हा निळ्या झाल्या होत्या. गावच्या खरकट्यावर वाढणाऱ्या या अळ्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम तशा घडवल्या होत्या. खरकट्यात औषध आलं की त्या निळ्या पडत; अशा अळ्या बदकांना घालायच्या नाहीत, म्हणजे औषध त्यांच्या पोटात जात नसे.

रेवती तडक शेजारच्या चंद्रभागेच्या अंगणात गेली आणि चारचौघांदेखत ओरडली, "खरकट्यात तुझ्याच घरच्या गोळ्या येतात! बदकं मेली तर?"

चंद्रभागेने वाद घातला नाही. तिने चमचाभर पांढऱ्या अळ्या आपल्या घरच्या खरकट्याच्या बादलीत सोडल्या, चमचाभर रेवतीच्या घरच्या बादलीत. थोड्या वेळाने फक्त रेवतीच्या बादलीतल्या अळ्या निळ्या झाल्या.

रेवती घरी परतली तेव्हा सासरे खाटेवर बसले होते. रेवतीने विचारलं, "मामाजी, गोळ्या टाकून देता?"

ते ओशाळले. "ती गोळी घेतली की लघवी आवरत नाही, पोरी. परवा चादर ओली झाली तेव्हा तू किती चिडलीस. म्हणून भातात लपवून टाकत होतो. बदकांना काही झालं नाही ना?"

मागोमाग आलेल्या चंद्रभागेने दारातून ते ऐकलं आणि ती मागे फिरली.

रेवतीने पेलाभर पाणी आणलं. 'होऊ दे ओली, मी बदलेन,' एवढंच म्हणायचं होतं, पण तिला त्यांच्याकडे बघवेना.